घरचा फॉर्म

बोडीटोल्यात लग्नाची पंगत बसली की रुखमा कापगतेचं लक्ष जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे असतं. वाढपी वांग्या-आलूची भाजी घेऊन आला की कोण हात आडवा धरतो, कोण नुसत्या वरणावर भात खातो, कोण पुरीचे अगदी बारीक तुकडे करून कसंबसं आत सारतो, हे ती बघून ठेवते. एकदा तिने नवरदेवाच्या मामालाच भर पंगतीत विचारलं, "भाऊ, भाजी तोंडाले झोंबते का जी?" वरपक्षाला वाटलं, मुलीकडचे भाजी राखून वाढताहेत आणि वर विचारताहेत. अर्धा तास रुसवाफुगवी चालली. रुखमाने मात्र दुसऱ्या दिवशी मामाच्या गावच्या आशा कार्यकर्तीला फोन करून नाव कळवलं.

सिहोऱ्यापासून चार किलोमीटरवरच्या या गावाची ती सतरा वर्षांपासूनची आशा कार्यकर्ती. आधी बाळंतपणं आणि लसी, मग ताप, मग क्षयाच्या गोळ्या, आणि अलीकडे हा नवा फॉर्म. तिशीच्या वरच्या प्रत्येकाला घरी जाऊन विचारायचं: वय, कमरेचा घेर, बिडी-तंबाखू, दारू, घरात कुणाला काय झालं होतं. मग तोंडाचे प्रश्न. तोंडात न भरणारा फोड आहे का, पांढरा चट्टा आहे का, तिखट सोसतं का. शेवटी आपल्याच हाताची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावायची. गेली नाहीत, तर जबडा आखडतो आहे. ज्याच्याबद्दल शंका येईल त्याला उपकेंद्रातल्या नर्स राखी मॅडमकडे पाठवायचं. तोंड तपासायचं काम मॅडमचं, पण रुखमा स्वतःजवळ टॉर्च ठेवायची आणि आधी एक नजर टाकायची. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा ज्या गावात न्याहारीच्या आधी तोंडात जातो, तिथे नजर टाकल्याशिवाय तिला राहवत नसे.

पानठेल्यावरचे बाप्ये तिला पाहून नमस्कार करायच्या ऐवजी तीन बोटं वर करत.

"आशाबाई, जाते व जाते! हे पाहा!"

"बोटं गेली तं खर्रा काढून फेका ना जी. तेवढी जागा तरी होईल."

"जागा हाय म्हणूनच तं भरतो!"

ती हसायची आणि फॉर्म काढायची. "काही दुखतच नाही तर दाखवू कायले?" हे तिला दहातल्या आठ घरांत ऐकावं लागे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "दुखलं की सारेच जातेत दवाखान्यात. तवा माही गरज काय? मी न दुखणाऱ्यायसाठीच हाय."

हे उत्तर तिला सहज यायचं, पण गावातल्या खुशालच्या बाबतीत ते एकदा तिच्यावर उलटलं होतं. दोन वर्षांपूर्वी खुशालच्या गालाच्या आत तिला पांढरं दिसलं. तिने त्याला मॅडमकडे पाठवलं, मॅडमनी पुढे तुमसरच्या दवाखान्यात. त्या पंधरा दिवसांत खुशालच्या घरी चूल धड पेटली नाही. बायको भिंतीला टेकून रडायची, पवनीहून मेव्हणा येऊन बसला, थोरल्या मुलीचं लग्न उरकून टाकायची भाषा झाली. आणि निघालं काय, तर चुन्याने भाजलेली कातडी. आठ दिवस खर्रा बंद केल्यावर साफ झाली.

"तुह्या टॉर्चनं मले पंधरा दिवस जिवंत जाळलं," खुशाल म्हणाला. बोलणं बंद.

रुखमाने राखी मॅडमना विचारलं, "मॅडम, मी चुकली का?"

राखी मॅडम वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण पोक्त. म्हणाल्या, "तुम्ही सूप घेऊन धान पाखडता ना ताई? कोंड्याबरोबर एखादा चांगला दाणाही उडतो. म्हणून कोणी सूप फेकत नाही. पण उडालेला दाणा वेचून परत आणावा लागतो. जा, त्यांच्या घरी जाऊन बसा."

रुखमा जाऊन बसली. पहिल्या दिवशी पाणी मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं, तिसऱ्या दिवशी चहा. तेव्हापासून कुणालाही पुढे पाठवताना ती दोनदा बजावते, "मी रोग सांगून नाई राहिली. मी फक्त वेगळं काढून राहिली. हाय का नाई, थे डॉक्टर सांगन. तोवर रडाचं नाही."

या वर्षी धानाची रोवणी आटोपेपर्यंत रुखमाचे फॉर्म पूर्ण झाले. गावात तिशीवरची माणसं चारशे बारा, फॉर्म चारशे बारा. उपकेंद्राखालच्या पाच गावांत असा आकडा कुणाचा नव्हता. मग राखी मॅडम फेरतपासणीला आल्या. रीत अशी, की गठ्ठ्यातून न बघता दहा फॉर्म ओढायचे आणि त्या दहा घरी मॅडमनी स्वतः जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. नववा फॉर्म निघाला: आनंदाबाई सोमाजी कापगते, वय अडुसष्ट. तंबाखू, नाही. चट्टा, नाही. तिखट झोंबणे, नाही.

"ही तर तुमचीच सासू," मॅडम हसल्या.

"हव ना. थे सोडा, दुसरा काढा."

"असं कसं? निघालं ते निघालं."

रुखमाला काळजी वाटली नाही. घरचा फॉर्म तिने एका संध्याकाळी भाताला उकळी येईपर्यंत मांडीवर भरला होता. आनंदाबाईंना विचारायचं काय? ज्या बाईने आपल्या मुलाच्या, भोजराजच्या, खिशातली खर्र्याची पन्नी गावतळ्यात, म्हणजे बोडीत, फेकली, आणि पोळ्याच्या दिवशी त्याला बैलाच्या शिंगावर हात ठेवायला लावून शपथ घातली, तिला सुनेने जाऊन विचारायचं, "तंबाखू खाता का?" आणि वर म्हणायचं, "तोंड उघडा"? या घरात चोवीस वर्षांत रुखमा सासूच्या समोर बसून जेवली नव्हती. आनंदाबाई सुनेशी बोलायच्या तेही पदर ओठांवर धरून. जुन्या वळणाची बाई, असं रुखमा कौतुकाने सांगायची.

आनंदाबाई अंगणाकडच्या छपरीत लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. राखी मॅडम शेजारी मांडी घालून बसल्या. दोन इकडचे, दोन तिकडचे प्रश्न झाले आणि मॅडम म्हणाल्या, "आजी, जरा तोंड दाखवा."

आनंदाबाईंनी पदर आणखी घट्ट धरला. सुनेकडे पाहिलं, खाली पाहिलं.

"रुखमाताई," मॅडम म्हणाल्या, "चहा मांडता का?"

रुखमा आत गेली. कुडाची भिंत, त्यातून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काय घासता आजी?"

मग सासूचा आवाज, पाहुण्याच्या घरी बोलावा तसा हळू. "गुडाखू. थोडीच. बोटभर."

गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाचा काळा लगदा. नदीपलीकडून, बालाघाटकडून येणारी बांगडीवाली छोट्या डब्यांतून आणते, हे रुखमाला ठाऊक होतं. कोण घेतं, ते ठाऊक नव्हतं.

"कधीपासून?"

"लगन झालं तवापासून. सासूनंच लावली सवय. पहाटं बोडीवर जातो ना, तवा."

"तिखट लागतं का तोंडाला?"

"लागते ना बाप्पा! आग होते आग. दिवाळीपासून सांगून राहिली, पन सून तिखटच टाकते."

चहा उतू गेला. रुखमाने गॅस बंद केला नाही, फडकं घेतलं नाही. दिवाळीपासून सासू ताटावर बसली की रोज म्हणत होती, "तिखट झालं वं." आणि रुखमा रोज मनात म्हणत होती, हिला माझ्या हाताचं कधी आवडलं आहे? बहिणीला फोनवर सांगून झालं होतं, बुढीचे जिभेचे चोचले वाढले. मग रागारागाने तिच्यासाठी वेगळं फिकं वरण लावायला सुरुवात केली होती आणि ते ताटात वाढताना वाटी जरा आपटायचीही. गावातल्या चारशे अकरा माणसांना जो प्रश्न तिने विचारला, त्याचं उत्तर घरात रोज दोन वेळा मिळत होतं. तिला तो टोमणा वाटला होता.

बाहेर मॅडम म्हणत होत्या, "खालच्या ओठाच्या आत पांढरं आहे आजी. तुमसरला दाखवू."

"मी नाई जात."

मॅडम चहा न पिताच गेल्या. जाताना रुखमाला म्हणाल्या, "लवकर न्या." रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

चार दिवस आनंदाबाई हलल्या नाहीत. "मले खुशालवानी नाई व्हायचं," हे तोंडावरचं कारण. खरं कारण पाचव्या दिवशी गोठ्यात निघालं. रुखमा शेण काढत होती, सासू दाराशी येऊन उभी राहिली.

"भोजराजले सांगशील का?"

"काय?"

"थेच. त्याले बैलाची शपथ घातली मी. साऱ्या मोहल्ल्यासमोर. अन् मी सोता..." आनंदाबाईंचा पदर ओठांवरून घसरला होता. "मले मेली तरी चालन, पन पोराले कळलं नाई पाहिजे."

मेली तरी चालेल, हे त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. रुखमाने हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"आत्याबाई, मी तुमाले एकदाही विचारलं नाई," ती म्हणाली. "गावाले विचारलं, तुमाले नाई. तुमी आगआग म्हणून राहिल्या, मले वाटे तुमी मलेच बोलून राहिल्या. हा फॉर्म मी खोटा भरला. आता तुमी नाई आल्या अन् पुढं काही निघालं, तं मी कोणाच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?"

"म्हणजे तुह्या फॉर्मसाठी येऊ?"

"नाई. माह्यासाठी या."

आनंदाबाईंनी गाईच्या पाठीवरची गोचीड ओढून काढली, पायाखाली चिरडली. "भोजराजले काय सांगशील?"

"दाताले जातो म्हणू."

भोजराज जेवता जेवता म्हणाला, "दाताले? आईले दात कितीक राह्यले? हाताच्या बोटावर मोजून टाक, इथंच तपासणी झाली." दोघी सासवा-सुना एकदम त्याच्या ताटाकडे बघायला लागल्या. चोवीस वर्षांत त्यांचा हा पहिला एकत्र खोटेपणा.

तुमसरच्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी खुर्चीवर बसवून बटण दाबलं आणि खुर्ची मागे झुकायला लागली. आनंदाबाईंनी "व माय!" करून रुखमाचा हात पकडला. आडव्या झाल्यावर वरच्या दिव्याकडे पाहत म्हणाल्या, "डाक्टर, सुनेले भायेर पाठवा."

"ताई, जरा..."

रुखमा निघाली, पण हात सुटत नव्हता. आनंदाबाई अजून दिव्याकडेच पाहत होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "राहू द्या तिले."

आणि तोंड उघडलं. खाली चार दात, काळ्या पडलेल्या हिरड्या, आणि ओठाच्या आत, जिथे बोट रोज पन्नास वर्षं फिरलं होतं तिथे, भाताची पेज सांडून वाळावी तसा पांढरा पट्टा. रुखमाने गावातली कितीतरी तोंडं पाहिली होती. हे तोंड पाहताना मात्र तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी पेटीत न विचारता हात घातला आहे. तिने नजर वळवली नाही.

डॉक्टरांनी जागा बधिर करून छोटासा तुकडा काढला. तो नागपूरला जाणार, बारा दिवसांनी कळणार. रुखमाने सवयीने सांगायला तोंड उघडलं, तोवर रडाचं नाही. आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य सांगणाऱ्यालाच सोपं असतं.

ते बारा दिवस घरात कोणाचं कोणाशी धड जमलं नाही. गुडाखू बंद म्हणून आनंदाबाईंचा जीव कासावीस. बडीशेप दिली तर ती अंगणात फेकली, कोंबड्यांनी खाल्ली. सहाव्या दिवशी सकाळी बोडीवरून आल्या आणि चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "आज घासली. एकच बोट." रुखमा म्हणाली, "बरं." संध्याकाळी आनंदाबाईंनी अर्धी डबी तिच्या हातात आणून दिली, "हे तू ठेव, मले सापडन अशा जागी ठेवू नको." रुखमाने ती तांदळाच्या कणगीमागे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलली, कारण कणगीजवळ कोणीतरी चाचपून गेल्याचं कळत होतं. खुशाल रस्त्यात भेटला, त्याला कुठून तरी कळलेलं होतं. हसला नाही. म्हणाला, "दसवा दिवस लय वाईट जाते, आशाबाई. त्या दिवशी शेतात जाजा, घरी नोका राहू."

बाराव्या दिवशी दोघी पुन्हा तुमसरला. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी कागद उलटून पालटून समजावलं: कातडी जाड झाली आहे, असा पट्टा पुढे बिघडू शकतो, अजून बिघडलेला नाही. गुडाखू पूर्ण बंद. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, पट्टा कमी झाला नाही तर काढून टाकू. आनंदाबाईंनी पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढचं सगळं रुखमाला ऐकायला सोडून दिलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी स्वतःच मुलाला सांगितलं. सगळं, पन्नास वर्षांचं. भोजराजचा घास हातात राहिला.

"म्हणजे मले बैलाच्या शिंगावर हात ठेवाले लावला..."

"हव."

"अन् तवा तुह्या कमरेले डबी?"

"हव ना बाप्पा, किती विचारशील!"

भोजराज एवढा हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "आता तू ठेव हात शिंगावर."

"बैल कोठी हाय आता? इकून नाई टाकला?"

"ट्रॅक्टर हाय. बोनटावर ठेव."

आनंदाबाईंनी ठेवला नाही. पण रुसल्याही नाहीत. रुखमाने पाहिलं, त्या पदर न धरता बोलत होत्या.

रुखमाची झोप उडवणारी गोष्ट वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी ती उपकेंद्रात गेली आणि तिने आपला गठ्ठा परत मागितला. एकेक फॉर्म काढून बाजूला ठेवत गेली. पंचावन्नच्या वरच्या बायकांचे. आठवत होतं तिला, दारात उभी राहून तिने विचारलं होतं आणि सुनेने सांगितलं होतं, "आमच्या बाई काही खात नाही." एकाही सुनेने खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. बाजूच्या गठ्ठ्यात अठ्ठावन्न फॉर्म झाले.

"मॅडम, हे झालेले नाहीत."

राखी मॅडमनी गठ्ठा मोजून पाहिला. "गावाचा आकडा खाली येईल ताई. आपला पहिला नंबर होता. वर उत्तर मला द्यावं लागेल."

"हव."

"आणि दहा फॉर्ममध्ये एक चुकला, म्हणजे तसे कमीच चुकलेत, असंही कोणी म्हणेल."

"चुकलेला माह्याच घरचा होता, मॅडम. बाकी घरं मले तेवढीही माहीत नाईत."

मॅडमनी अठ्ठावन्न फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढून दिला.

पहिल्याच दिवशी रुखमा तीन घरं फिरली. तिन्ही म्हाताऱ्यांनी पदर ओढून घेतला. एकीने तर सांगितलं, "तुह्या सासूले पाहिलं ना, झालं मंग." आनंदाबाईंकडे नावांची अख्खी यादी असणार, पहाटे बोडीवर त्यांच्या शेजारी कोण कोण बसतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? रुखमाने एकदाच विचारलं. आनंदाबाई म्हणाल्या, "मी कोणाचं नाव नाई घेणार. थे माह्यासंग पन्नास वरस बसल्या." रुखमाने पुन्हा विचारलं नाही.

पण बोडीवर काय बोलायचं ते आनंदाबाईंच्या हातात होतं. आणि त्या जे बोलल्या त्यात रोग नव्हता, गुडाखू नव्हती. होती ती खुर्ची. बटण दाबलं की मागे जाते, पाय वर येतात, दिवा तोंडावर येतो, डॉक्टर "आजी, आजी" करतो, आणि सुनेला हात धरून उभं राहावं लागतं.

रविवारी दुपारी शेजारच्या शकुनबाई छपरीत येऊन बसल्या. आनंदाबाईंच्या लग्नाच्याच वर्षी या गावात आलेल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत त्यांच्याशी बरोबरी करणाऱ्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग शकुनबाई एकदम म्हणाल्या, "रुखमे, माहा फॉर्म भरला का वं?"

"भरला होता मावशी. खोडला."

"मंग भर ना! बसून कायले राहिली?" आणि आनंदाबाईंकडे वळून, "तू आत जा. मी तुह्यासमोर तोंड नाई उघडत."

"माह्याच छपरीतून मलेच हाकलते!" पण आनंदाबाई उठल्या, गुडघ्यावर हात देत आत गेल्या.

रुखमाने सगळे प्रश्न विचारले, एकही आपल्या मनाने लिहिला नाही. मग टॉर्च लावला. शकुनबाईंनी डोळे घट्ट मिटून तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत, मागे, पांढऱ्यात थोडं लाल होतं. रुखमाने पुन्हा नीट पाहिलं.

"मावशी, मी रोग सांगून नाई राहिली..."

"थे माहीत हाय मले, साऱ्या गावाले पाठ हाय," शकुनबाई डोळे उघडून म्हणाल्या. आवाज मात्र बारीक झाला होता. "खुर्चीवर जावं लागन?"

"हव. उद्याच जाऊ."

आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता.

"रिताले सांगू नको आता," त्या म्हणाल्या. रिता त्यांची सून. मग मान वळवून दाराकडे पाहत मोठ्यानं, "आनंदे! ऐकून तं राहिलीच असशील. उद्या काही काम हाय का तुले?"

"कायचं काम?" आतून लगेच उत्तर आलं. "सकाळची बस सात वाजता हाय. लवकर तयार होजो, तुही नेहमीची सवय हाय उशीर कराची."